सातचा भोंगा कुणासाठी?

मुलांनो, सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचं एक गाव आहे. वस्ती तीन हजारांच्या आसपास. ऊस, देऊळ, शाळा. आपल्याकडच्या चार गावांसारखंच गाव. पण २०२२ साली हे गाव एकदम वर्तमानपत्रांत झळकलं. नुसतं मराठी वर्तमानपत्रांत नव्हे, तर पार परदेशी बातम्यांपर्यंत त्याचं नाव पोचलं. कशामुळे म्हणाल? एका भोंग्यामुळे!

त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये, स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास गावाने ठरवलं की रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजवायचा. भोंगा वाजला की घराघरांतले टीव्ही बंद आणि मोबाइलही बंद. साडेआठला दुसरा भोंगा होईपर्यंत, म्हणजे चांगला दीड तास, मुलांनी अभ्यासाला बसायचं, वाचायचं, आणि मोठ्यांनी एकमेकांशी बोलायचं. हो, तोंडाने बोलायचं!

असं करायची वेळ का आली? २०२० साली कोरोना आला, शाळांना कुलूप लागलं आणि अभ्यास मोबाइलवर सुरू झाला. ज्या घरात आधी ‘मोबाइलला हात लावू नकोस’ म्हणत, त्याच घरात ‘मोबाइल घेऊन बस’ म्हणायला लागले. शाळा पुन्हा भरल्या, तेव्हा वडगावच्या शिक्षकांच्या लक्षात आलं की मुलांना लिहायचा कंटाळा येतोय, वाचायचा कंटाळा येतोय, लक्ष सगळं त्या चौकोनात. (हे एकट्या वडगावचं नाही बरं का. त्या वर्षी वर्गात उभं राहिलेल्या कुठल्याही शिक्षकाला विचारा.)

आता यातली खरी गंमत पुढेच आहे. गावाने आधी बायकांची सभा घेतली. त्या सभेत बायकांनी मुलांची गाऱ्हाणी सांगितलीच, पण त्याबरोबर हेही मोकळेपणाने सांगितलं की मालिका आणि मोबाइल आम्हालाही सुटत नाहीत. म्हणून बंद करायचं तर सगळ्या गावाचं बंद करू, असं ठरलं. सुरुवातीला काही पुरुष मंडळी हसली, ‘भोंग्याने काय होणार’ म्हणाली. मग आशाताई, शिक्षक, ग्रामपंचायतीची माणसं घरोघरी गेली, समजावत राहिली.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आणखी एका गावाची बातमी आली. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यातलं बान्सी. तिथल्या ग्रामपंचायतीने ठराव केला की १८ वर्षांखालच्या मुलामुलींनी मोबाइल वापरायचा नाही.

दोन्ही गावांना काळजी एकच होती, आणि ती अगदी खरी होती. पण दोन ठरावांतला फरक तुमच्या लक्षात आला का? एका ठिकाणी मुलांचा मोबाइल बंद झाला. दुसऱ्या ठिकाणी मोबाइल बंद झाला, मग तो कुणाचाही असो. मला स्वतःला वडगावचा भोंगा जास्त पटतो. का पटतो, तेच आज तुम्हाला सांगायचं आहे. आणि हो, हा अंक तुमचा असला तरी हे पान आई-बाबांनाही वाचायला द्या. नाहीतर मोठ्याने वाचूनच दाखवा.

व्यसन म्हणजे नेमकं काय?

‘आमच्या बंड्याला मोबाइलचं व्यसन लागलंय हो!’ हे वाक्य आता इतकं ऐकू येतं की त्याला काही अर्थच उरलेला नाही. बंड्याने रविवारी दोन तास क्रिकेटचा सामना पाहिला तरी व्यसन, आणि बंड्या जेवणखाण सोडून रात्री तीनपर्यंत गेम खेळत बसला तरी व्यसन! असं कसं चालेल?

इंटरनेटचं व्यसन ही कल्पना तशी जुनी आहे. अमेरिकेत किंबर्ली यंग नावाच्या एक मानसशास्त्रज्ञ होत्या. त्यांच्या एका मैत्रिणीचा नवरा संगणकावर अनोळखी माणसांशी गप्पा मारत बसायचा, आठवड्याला चाळीस-चाळीस, साठ-साठ तास! त्या काळी इंटरनेटला तासागणिक पैसे पडत. तासाला जवळपास तीन डॉलर. घराचं दिवाळं निघायची वेळ आली. तेव्हा यंगबाईंना प्रश्न पडला की दारूचं आणि जुगाराचं व्यसन लागतं, तसंच हेही असेल का? १९९६ साली त्यांनी आपला अभ्यास मानसशास्त्रज्ञांच्या परिषदेत मांडला. पुष्कळांना तो पटला नाही. आजही ‘इंटरनेटचं व्यसन’ हा शब्द सगळे डॉक्टर वापरतातच असं नाही.

पण जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या आजारांच्या यादीत एक गोष्ट घातली आहे. गेम खेळण्याचा विकार. २०१९ साली ही यादी मंजूर झाली आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. त्यात तीन खुणा सांगितल्या आहेत. खेळणं केव्हा सुरू करायचं आणि केव्हा थांबायचं, हे आपल्या हातात राहत नाही. बाकीच्या सगळ्या आवडी आणि रोजची कामं मागे पडत जातात. आणि नुकसान होतंय हे दिसत असूनही खेळणं चालूच राहतं, उलट वाढतं. हे साधारण वर्षभर चाललं आणि त्यामुळे घर, शाळा, मैत्री यांचं चांगलंच नुकसान झालं, तरच त्याला विकार म्हणायचं.

बघा, यात ‘रोज किती तास’ असा आकडा कुठेच नाही. म्हणून बंड्याच्या आईने लगेच घाबरून जायला नको. पण ‘आमच्याकडे कुठे एवढं आहे!’ म्हणून निश्चिंतही व्हायला नको. कारण वर्षभराची ती वाट एका दिवशी सुरू होत नाही. तिची पहिली पावलं घरातच पडतात, आणि ती बहुतेक वेळा मुलाची नसतात.

कबुतरं, कैऱ्या आणि कासरा

आधी हे पाहू, की हातातला फोन सुटत का नाही. तुम्ही आळशी आहात म्हणून? अजिबात नाही.

अमेरिकेत बी. एफ. स्किनर नावाचे एक शास्त्रज्ञ होऊन गेले. त्यांनी पिंजऱ्यातल्या कबुतरांना एक कळ टोचायला शिकवलं. कळ टोचली की दाणे मिळायचे. दर वेळी ठरलेल्या टोचण्यांनंतर दाणे मिळाले, तर कबुतर दाणे खाऊन जरा थांबायचं. पण दाणे कधी पाच टोचण्यांनी, कधी पन्नास टोचण्यांनी, असे बेभरवशाने मिळायला लागले की कबुतर थांबायचंच नाही. टोचत राही, टोचत राही. न जाणो, पुढच्या टोचण्याला मिळाले तर!

कबुतरांना हसू नका. कैऱ्या पाडायला दगड घेऊन आपण झाडाखाली उभे राहतो, तेव्हा काय होतं? पहिल्याच दगडाला कैरी पडली आणि मग दर दगडाला पडत गेली, तर अर्ध्या तासात कंटाळा येईल. पण एक पडते, मग सात दगड फुकट, मग पुन्हा एक. दुपार कधी टळली, कळत नाही. मोबाइलमध्ये बोटाने पडदा वर सरकवताना हेच होतं. चार व्हिडिओ रटाळ, पाचवा झकास. ‘आता अजून एकच’ म्हणत बोट सरकतच राहतं.

बरं, गोष्टीच्या पुस्तकाला पान असतं, पानाला शेवट असतो. तिथे थांबता येतं. संगणकाच्या पडद्यावरही पूर्वी पान संपायचं, ‘पुढे’ म्हणून कळ दाबावी लागायची. २००६ साली एझा रास्किन नावाच्या तरुणाने असं पान तयार केलं की जे संपतच नाही; खाली जावं तसं नवं येत जातं. पुढे याच रास्किन यांनी आपल्या या करामतीबद्दल उघडपणे खंत व्यक्त केली. तोवर ती जगभर पसरली होती. म्हणजे तुम्ही पडद्यासमोर एकटे बसलेले असता, पण पलीकडे हुशार माणसांची फौज, तुमचं बोट थांबू नये म्हणून पगारावर कामाला लागलेली! सामना बरोबरीचा नाहीच मुळी.

त्यात तुमचं वय. कपाळामागे मेंदूचा जो भाग असतो, तो ‘थांब जरा, विचार कर’ असं सांगण्याचं काम करतो. हा भाग पुरता तयार व्हायला पंचविशी उजाडते. गंमत आणि नवं काही हवंसं वाटणारा भाग मात्र तेराव्या-चौदाव्या वर्षीच जोरात असतो. शेतकऱ्याच्या पोरांना चटकन कळेल असं सांगते. बैल तरणाबांड झालाय, पण कासरा अजून वळून व्हायचाय. तोवर कासरा धरायचा कुणी? घराने.

आणि कासरा धरायच्याही तऱ्हा असतात.

चार घरं, चार तऱ्हा

डायना बॉमरिंड नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९६०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथे बालवाडीतली मुलं आणि त्यांची घरं यांचं बारकाईने निरीक्षण केलं. आई-बाप मुलांना कसं वाढवतात याचे त्यांनी तीन मुख्य प्रकार सांगितले. पुढे १९८३ साली मॅकोबी आणि मार्टिन या दोन अभ्यासकांनी त्यात चौथ्याची भर घातली. त्या वेळी मोबाइल नव्हता, इंटरनेट नव्हतं. पण आपण ही चार घरं आजच्या संध्याकाळी उघडून पाहू.

पहिलं घर. ‘ठेव आधी तो फोन! का म्हणजे काय? मी सांगतोय म्हणून!’ फोन हिसकावला जातो, कपाटात जातो, कधी जमिनीवरही आपटला जातो. धाक आहे, पण बोलणं नाही. या घरातली मुलं फार शिस्तीची दिसतात. ती मित्राच्या फोनवर खेळतात, पांघरुणात खेळतात, आईच्या फोनचं कुलूप तिच्या बोटांकडे बघून पाठ करतात. फोन सोडायला ती शिकत नाहीत, लपवायला शिकतात.

दुसरं घर. ‘असू दे हो, पोर आहे, बघू दे. आपल्या वेळी कुठे होतं असलं!’ प्रेम भरपूर, नियम एकही नाही. इथे कासरा बैलाच्याच गळ्यात गुंडाळून ठेवलेला.

तिसऱ्या घराबद्दल सविस्तर सांगते. तिथे आई म्हणते, ‘अर्धा तास ठरला होता ना? झाला बघ.’ मुलगी कुरकुरते, ‘पाच मिनिटं गं, डाव अर्धा राहिलाय.’ आई म्हणते, ‘बरं, डाव पुरा कर. मलाही दाखव कसला खेळ आहे तो. पण मग ठेवायचा.’ मग आई खरंच बघते. तिला त्यातलं ओ की ठो कळत नाही, तरी विचारते, ‘हा लाल टोपीवाला कोण?’ डाव संपतो. फोन फळीवर जातो. मुलगी दोन मिनिटं फुगून बसते. आई त्यावर चिडत नाही आणि विरघळतही नाही. बॉमरिंडबाईंनी म्हटलं ते हेच. धाकही हवा आणि जिव्हाळाही. नियम ठाम, पण तो का आहे हे सांगितलेलं आणि मुलाचं ऐकून घेतलेलं.

चौथ्या घरात कुणी काही म्हणतच नाही. मूल फोन बघतंय की नाही, जेवलं की नाही, कुणाच्या ध्यानातच नाही.

यावर देशोदेशी पुष्कळ अभ्यास झाले आहेत. त्यातून सर्वसाधारणपणे असं दिसतं की ज्या घरात जिव्हाळा आणि बोलणं आहे, तिथली किशोरवयीन मुलं इंटरनेटच्या आहारी कमी जातात. आणि जिथे नुसता धाक, सततची भांडणं किंवा दुर्लक्ष आहे, तिथली जास्त. मात्र इथे एक पाचर मारून ठेवते. कधी कधी गाडी उलटी असते. आधी मूल फोनमध्ये बुडतं आणि मग घाबरलेले आई-बाप कडक होतात. काही मुलं मुळातच उदास असतात, काहींना एका जागी लक्ष लावणं जमत नाही, अशी मुलं फोनकडे जास्त ओढली जातात. त्यात घराचा काही दोष नसतो. तेव्हा शेजारच्या मुलाकडे पाहून ‘संस्कारच नाहीत’ असं म्हणणाऱ्यांनी जरा सबुरीने घ्यावं.

चित्रातली संध्याकाळ

मी चौथीच्या वर्गाला एकदा चित्राचा विषय दिला होता, ‘आमच्या घरातली संध्याकाळ’. पूर्वी या विषयावर मुलं तुळस, दिवा, डोंगरामागे जाणारा सूर्य असं काढत. या वेळी तुळस होती, सूर्यही होता (आमच्या गावात डोंगर नाही, तरी डोंगर होताच!), पण निम्म्याहून जास्त चित्रांत माणसांच्या हातात एक काळा चौकोन होता. आणि तो काढला होता बाबांच्या हातात, आईच्या हातात, काकाच्या हातात, एका चित्रात तर आजोबांच्याही हातात. स्वतःच्या हातात फारच थोड्यांनी काढला होता. मुलं स्वतःकडे कमी बघतात असं म्हणा हवं तर. पण मोठ्यांकडे मात्र बारकाईने बघतात, एवढं नक्की.

त्याच दिवशी एक मुलगा म्हणाला, ‘बाई, बाबा घरी आले ना, की मी पळत पळत दारात जातो.’ मी म्हटलं, ‘अरे वा, बाबांना भेटायला!’ तो म्हणाला, ‘नाही बाई, मोबाइलला. आमच्यात एकच आहे.’

हसू आलं ना? मलाही आलं. पण त्या बाबांचं बघा. दिवसभर टेम्पो चालवून माणूस दमून आलेला. फोन हातात दिला की पोर गप्प बसतं, चहा निवांत पिता येतो. आई सकाळी कामावर गेलेली, आल्याबरोबर चूल. आजी-आजोबा गावाकडे. खेळायला जागा म्हणाल, तर गल्लीत मोटारसायकली लावलेल्या. अशा घरात फोन हा सगळ्यात स्वस्त राखणदार असतो. त्याला पगार नको, जेवण नको. म्हणून ‘आजकालचे पालक’ म्हणून नाकं मुरडणारी भाषणं मला मुळीच आवडत नाहीत.

तरीही काही गोष्टी अशा आहेत की ज्यांना पैसा लागत नाही आणि वेळही फारसा लागत नाही. फक्त त्या आपल्या ध्यानात येत नाहीत.

एक म्हणजे घास. बाळाला चिऊचा घास, काऊचा घास म्हणत भरवायची आपल्याकडे रीत होती. आता बाळापुढे मोबाइल उभा केला की तोंड आपोआप उघडतं. पोट भरतं, पण बाळ शिकतं काय? रडू आलं, कंटाळा आला, नको असलेली भाजी आली की चौकोनाकडे बघायचं. तेच बाळ चौदा वर्षांचं झाल्यावर, मित्राशी भांडण झालं किंवा गणितात मार्क कमी पडले की कुठे बघेल?

दुसरी गोष्ट बक्षिसाची. ‘सतराचा पाढा पाठ केलास तर अर्धा तास मोबाइल.’ ऐकायला छान वाटतं! पण यातून मुलाला कळतं की पाढा म्हणजे कडू काढा आणि मोबाइल म्हणजे त्यावरची साखर. ज्या वस्तूची किंमत कमी व्हावी असं वाटतं, तिचाच भाव आपण वाढवून ठेवतो. शिक्षेचंही तसंच. प्रत्येक चुकीला ‘मोबाइल बंद’ हीच शिक्षा असेल, तर मोबाइल हीच घरातली सगळ्यात मोलाची वस्तू आहे, हे आपणच जाहीर केलं की!

आणि तिसरी गोष्ट, जी मला सगळ्यात मोठी वाटते. आठवी-नववीतल्या दादा-ताईंनो, ही तुमच्याबद्दल आहे. फोनमधला खेळ तुम्हाला काय देतो? जिंकलात की फटाके उडवतो. हरलात तर ‘पुन्हा खेळ’ म्हणतो, ‘तुझ्याकडून काही होणार नाही’ असं म्हणत नाही. तिथे तुमची एक टोळी असते, ती तुमची वाट बघते. दिवसभरात घरात एकदाही ‘वा!’ ऐकू न आलेल्या मुलाला फोन दहा वेळा ‘वा’ म्हणतो. आई-बाबांनो, फोन काढून घ्यायचा तर जरूर घ्या, पण त्याबरोबर ती टोळी आणि ते ‘वा’ही जातात. त्यांच्या जागी काय ठेवणार आहात? हा प्रश्न सुटला नाही, तर मूल फोन सोडून दुसरं काहीतरी शोधेल, आणि ते फोनपेक्षा बरं असेलच असं नाही.

कायद्याने होईल का?

काहींना वाटतं की सरकारनेच बंदी घालावी. दक्षिण कोरियाने ते करून पाहिलं आहे. २०११ साली तिथे कायदा झाला की १६ वर्षांखालच्या मुलांना रात्री बारापासून सकाळी सहापर्यंत संगणकावरचे ऑनलाइन गेम खेळता येणार नाहीत. बारा वाजता सगळं बंद, म्हणून लोकांनी त्याला ‘सिंड्रेला कायदा’ असं नाव दिलं. मुलांनी काय केलं असेल? आई-बाबांचे ओळख क्रमांक वापरले! शिवाय दरम्यान गेम संगणकावरून मोबाइलवर आले. शेवटी २०२१ मध्ये सरकारने हा कायदा रद्द करायचं ठरवलं आणि २०२२ उजाडताच तो गेला. दार सरकारने लावलं होतं, किल्ली मात्र घरातच राहिली होती. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालच्या मुलांना मोठ्या समाजमाध्यमांवर खाती ठेवायला मनाई केली आहे. तिथेही घरात कोण काय करतं, यावर बरंच अवलंबून राहील असं मला वाटतं.

पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राचं नाव तुमच्या घरी ऐकलं असेल. १९८६ साली डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी ते सुरू केलं. दारूच्या विळख्यातून सुटायला येणाऱ्या माणसांबरोबर त्यांच्या घरच्यांशीही तिथे बोलतात, कारण व्यसन एकाला लागलेलं असलं तरी दुखतं सगळ्या घराला, आणि बरं व्हायलाही घर लागतं. फोनच्या बाबतीत वेगळं का असावं? बंगळुरूच्या निम्हान्स या मोठ्या मानसिक आरोग्य संस्थेत २०१४ पासून मोबाइल-इंटरनेटच्या आहारी गेलेल्यांसाठी खास दवाखाना आहे. आणि एवढ्या लांब जायची गरज नाही. १४४१६ या ‘टेलिमानस’च्या क्रमांकावर कुणालाही फुकट फोन करून मराठीत बोलता येतं, अगदी मध्यरात्रीसुद्धा. मूल शाळेत जायचं बंद झालं असेल, फोन काढताच अंगावर धावून येत असेल, झोप पार उडाली असेल, तर ‘मोठा झाला की सुटेल’ म्हणत बसू नका. फोन करा.

घरातला भोंगा

आपल्या घरावर काही भोंगा बसवता येणार नाही. पण वडगावच्या बायकांनी केलं ते करता येईल, म्हणजे आधी स्वतःचं सांगणं. रविवारी संध्याकाळी सगळ्यांनी जमिनीवर गोल बसा. वहीचा एक कागद घ्या. लिहायचं काम मुलांकडे द्या, कारण ज्याने लिहिलं त्याच्या ते लक्षात राहतं. पहिला नियम मोठ्यांनी स्वतःसाठी सांगायचा; ‘जेवताना मी फोन बघणार नाही’ किंवा ‘मुलगा काही सांगत असेल तर फोन उलटा ठेवीन’. त्यानंतर मुलांनी आपला सांगायचा.

एका नियमाला मात्र माझी शिफारस आहे, ती झोपेची. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना रोज ९ ते १२ तास झोप लागते आणि १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास. अंथरुणात फोन असेल तर पहिला घास झोपेचाच जातो. म्हणून रात्री सगळ्यांचे फोन एकाच फळीवर चार्जिंगला लावायचे, जिथे कुणी झोपत नाही अशा जागी. सगळ्यांचे, म्हणजे बाबांचासुद्धा. ‘मला कामाचा फोन येतो’ असं बाबा म्हणतील. काही बाबांना तो खरंच येतो. अशा वेळी फोनचा आवाज मोठा ठेवायचा. फळीवरून ऐकू येतो.

शाळेचा गृहपाठ मोबाइलवर येतो, ही अडचण आहेच. त्यावर सोपा उपाय म्हणजे तो वहीत उतरवून घ्यायचा आणि फोन परत करायचा. थोडी कटकट होईल. होऊ द्या.

पहिल्या आठवड्यात नियम मोडणार, हे धरून चाला. कुणी मोडला, किती वेळा मोडला, हे कागदाच्या मागे लिहायचं, ओरडायचं नाही. पुढच्या रविवारी कागद पुन्हा काढायचा. न जमणारा नियम खोडायचा, जमेल असा लिहायचा. दीड तास जमत नसेल तर अर्ध्या तासाने सुरुवात करा. आणि त्या अर्ध्या तासात काय करायचं हेही आधीच ठरवा. पत्ते, कॅरम, भेंड्या, भाजी निवडणं, काहीही. नाहीतर सगळे एकमेकांची तोंडं बघत घड्याळाकडे डोळे लावून बसतील!

कागदाखाली सह्या सगळ्यांच्या हव्यात. आजीचीसुद्धा. तिची मालिका साडेसातला लागते, तेव्हा तिला आधी पटवावं लागेल. ते काम नातवंडांनी करावं.